दोन्ही कान शाबूत

मी एक म्हातारा मेंढा आहे. वय बारा. मेंढरांच्या हिशेबात म्हणजे तुमचे पणजोबा! एक शिंग तुटलंय, पुढचे दात पडलेत, पण कान बघा, मित्रांनो. दोन. दोन्ही टोकापर्यंत अख्खे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? ह्या बेटावर फार मोठं. इथं सगळ्यांची मेंढरं एकाच कुरणात चरतात. मग ओळखायची कशी? तर कान कापून. टर्व्हीच्या मेंढ्यांच्या कानाला चीर, पेलच्या मेंढ्यांच्या कानाला भोक, कुणी शेंडा उडवतो, कुणी कोपरा. आणि कान कसा कापलाय त्याचं चित्र पेलच्या नोंदवहीत काढून ठेवायचं; बेटाचा कारकून तोच. बेटाचा कायदाच आहे तो.

माझे कान कसे वाचले, त्याची ही गोष्ट. त्यात थोडा माझाही हात आहे. म्हणजे शिंग आहे.

मी जन्मलो आणि दुसऱ्याच दिवशी आई गेली. शुबाएल ऑर्नने मला कोटात गुंडाळून घरी नेलं. घर म्हणजे एक खोली, एक चूल आणि काचेऐवजी तेलकट कागद लावलेली खिडकी. शुबाएल, त्याची बायको मेहिटेबल आणि छोटी लेक डॉर्कस आदल्याच वर्षी होडीत बसून आली होती. ही मंडळी क्वेकर पंथाची, वेगळ्या चालीची ख्रिस्ती. पलीकडच्या मोठ्या मुलखात क्वेकरांना कुणी उभं करत नव्हतं. मेहिटेबल चिंधी दुधात बुडवून माझ्या तोंडात द्यायची आणि म्हणायची, "ओढ रे भामट्या, ओढ. माझं बोट नको ओढूस!"

ह्या घराच्या तऱ्हा न्याऱ्या होत्या. सगळ्यांना मित्र म्हणायचं, शिव्या देणाऱ्यालासुद्धा. सगळ्यांना 'तू' म्हणायचं. आठवड्याच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी गप्प बसून राहायचं, आणि आतून कुणी बोलायला लावलं तरच बोलायचं. मला आतून सारखंच कुणीतरी बोलायला लावायचं. एकदा भर शांततेत मी असा काही बेंबाटलो की डॉर्कस खुदकन हसली. मेहिटेबल डोळे मिटूनच म्हणाली, "हसू नकोस. मित्राला काहीतरी सांगायचंय." हसू तिलाही आवरत नव्हतं. मी पाहिलंय.

शुबाएलची टोपी काळी, रुंद काठाची, उजवीकडे खाली ओढलेली. घरातसुद्धा डोक्यावरच. त्या टोपीवर पहिल्यापासून माझा डोळा होता. काठ कुरतडायला फार छान लागायचा.

मग कान कापायचा दिवस आला. शुबाएलच्या बाकीच्या मेंढ्या विकत घेतलेल्या, त्यांचे कान आधीच कापलेले. त्याच्या घरी जन्मलेला पहिला मीच. शुबाएलने मला गुडघ्यांत धरलं, उजवा कान चिमटीत घेतला, सुरी टेकवली. सुरी गार होती. मग ती नुसती टेकलेलीच राहिली. मला वाटलं जागा शोधतोय, पण तो दुसरीकडेच बघत होता.

मेहिटेबलने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. "राहू दे, शुबाएल. जमायचं नाही तुला."

"नाही जमायचं," तो म्हणाला, आणि त्याच कानामागे किती तरी वेळ खाजवत बसला. तेव्हापासून रोज संध्याकाळी तसंच. आधी उजवा, मग डावा.

पेलने वहीत लिहिलं, 'शुबाएल ऑर्न', आणि पुढची जागा मोकळी सोडली.

"निदान गळ्यात काहीतरी बांध," मेहिटेबल म्हणाली, आणि तिनेच लोकरीचा जाड गोफ विणून माझ्या गळ्यात घातला. आता खरं सांगतो, मित्रांनो. तो गोफ मी खाल्ला. जरा सैल झाला, तोंडात आला, संपला. दुसरा घातला, तोही संपला. तिसऱ्या वेळी मेहिटेबलने हात टेकले. "हा स्वतःची ओळख चावून खातो!"

वर्ष झालं. मी गुबगुबीत झालो, शिंगं वळली. जूनमध्ये सगळं बेट तळ्याकाठी जमलं, लोकर कातरायला. ऊन, कुत्री, केक, आरडाओरडा! आणि त्या गोंधळात टर्व्हीने मला शिंगाला धरून आपल्या कुंपणात ओढलं.

"हा माझा," तो म्हणाला. "माझ्याच मेंढीचा. कानाला खूण करायची राहून गेली होती, आता करतो." आणि त्याने सुरी काढली.

टर्व्ही तसा वाईट नव्हता. त्या हिवाळ्यात त्याचा मेंढा कड्यावरून समुद्रात पडला होता. पण मेंढा नाही तर पुढच्या साली कोकरं नाहीत, लोकर नाही, हे टर्व्हीला जसं लागू तसं शुबाएललाही. शुबाएलकडे मी एकटाच होतो, आणि क्वेकराला आपला मेंढा कोण उसना देणार?

पेल एका पिंपामागे वही उघडून बसला. "ऑर्न, मेंढा तुझा?"

"माझा आहे, मित्रा. तू त्याला माझ्याकडे बघितलायस."

"मला तू म्हणतोस?" पेलची मान लाल झाली.

"देवाला तूच म्हणतो मी. तुला काय वेगळं म्हणू?"

लोक हसले. पेल नाही हसला. "आधी ती टोपी काढ. मग बायबलवर हात ठेव आणि शपथ घे. टर्व्ही घ्यायला तयार आहे."

"टोपी मी देवापुढेच काढतो. आणि शपथ घेतली, म्हणजे एरवी मी खोटं बोलतो असं झालं. मेंढा माझा आहे. जे आहे ते सांगितलं."

मेहिटेबल हळूच म्हणाली, "नको घेऊस. माझंही तेच म्हणणं आहे. पण हिवाळ्यात डॉर्कसला खऱ्या बोलण्याचा सदरा शिवून घाल, म्हणजे झालं." डॉर्कस माझ्या गळ्याला मिठी मारून रडत होती. माझी लोकर भिजली.

पेलने खांदे उडवले. "कानाला खूण नाही, गळ्यात काही नाही, तोंडात शपथ नाही. मी तरी काय करू? टर्व्ही, ये पुढं."

गळ्यात काही नाही! हे माझ्या पोटात गेलं. गोफ जिथं गेले होते तिथंच.

शुबाएल खाली बसला, माझ्याजवळ, आणि निरोप घ्यावा तसा माझा उजवा कान खाजवायला लागला. त्याची टोपी अगदी माझ्या नाकापुढं आली. मी काही शूर वगैरे नाही. मला कुणाला वाचवायचं नव्हतं. वर्षभर डोळा होता ती टोपी इतक्या जवळ कधी आली नव्हती, एवढंच. मी काठाखाली शिंग घातलं आणि दिली उडवून.

टोपी गेली पेलच्या पिंपावर. तळ्यावरचा वारा आला, शुबाएलचे केस मागं गेले. आणि सगळं बेट बघत राहिलं.

शुबाएलला उजवा कान नव्हता. सुरीने साफ कापलेला, फक्त एक वळ राहिला होता. पलीकडच्या मुलखात कैदेतल्या दोस्ताला भाकर द्यायला गेला, म्हणून त्या लोकांनी त्याला ही खूण केली होती.

मेहिटेबल पुढं आली. "काय बघताय? ही आमची खूण. आमच्या घरातलं जेवढं कापायचं तेवढं कापून झालंय."

पेलने घसा खाकरला. "टर्व्ही, शपथ."

टर्व्हीचा हात वर निघाला, खांद्यापर्यंत आला आणि तिथून आपल्याच कानाकडे गेला. बराच वेळ तो कान चोळत उभा राहिला. "हल्ली मला नीट दिसत नाही," तो म्हणाला. "त्यांचाच असेल."

"मित्रा," शुबाएल म्हणाला, "पानगळीत महिनाभर घेऊन जा त्याला. तुझ्याही मेंढ्यांना कोकरं हवीतच की."

पेल उठला. टोपी उचलली, धूळ झटकली आणि स्वतःच्या हाताने शुबाएलच्या डोक्यावर ठेवली. उजवीकडे जरा खाली ओढून. मग मोकळ्या जागेत लिहिलं, 'दोन्ही कान शाबूत.' तेव्हापासून बेटावर अख्ख्या कानाचं मेंढरू म्हणजे शुबाएलचं. तो महिना टर्व्हीकडे मी मजेत काढला, हेही नमूद करतो.

पुढं माझ्या लोकरीचे किती सदरे झाले, कोण जाणे. लोक म्हणायचे, असा मेंढा बेटावर नाही. आता म्हणत नाहीत. दोन हिवाळ्यांमागं शुबाएल गेला. त्याच्या कबरीवर दगड नाही, आमच्यात तो ठेवत नाहीत. डॉर्कसचं लग्न झालं, आणि तिचा नवरा चांगला आहे, पण कामाच्या घाईत मला कुंपणापाशी बांधतो आणि विसरतो. परवा म्हणत होता, "मेंढरं वाढली. सगळ्यांसारखे कान कापून टाकूया, सोपं पडेल." डॉर्कसने सुरी लपवून ठेवलीय. कुठं ते मला माहीत आहे, सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं म्हातारं जनावर कुंपणाला बांधलेलं असेल. त्याला फार काही नको असतं. जाता जाता दोन मिनिटं थांबा. आणि कधी ह्या बेटावर आलात, शुबाएलची कबर शोधायला लागलात, तर शोधू नका. सरळ कुरणात या. अख्ख्या कानाचे आम्ही साठ जण आहोत. त्यातला एका शिंगाचा तो मी. टोपी घातली असेल तर जरा लांबूनच, पण कान खाजवा.

उजव्यापासून सुरुवात करा.