काटोलचं पाणी

"अजून टणकच हाय वं, यमुताई."

वच्छलाबाईंनी पळीतला डाळीचा दाणा चिमटीत दाबून पाहिला. तो दबला तर नाहीच, उलट चिमटीतून निसटून अंगणात उडाला आणि एका कोंबडीनं पळवला.

"असं कसं होईन?" स्टोव्हपाशी फतकल मारून बसलेल्या यमुताईंना ते सहन होईना. "आमच्या इहिरीच्या पान्यात डाळ शिजत नाई? अवं, अर्धा जन्म गेला माझा या इहिरीवर! दोन उकळ्यांत लोन्यावानी होते. इचार मोहल्ल्यात कोनालेही!"

"स्टोव्हले पिन मारून पाहा बरं," रुपराव ओट्याच्या कडेवर बसून म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोलले.

"भाऊजी, स्टोव्ह तं फराफरा जळून राहिला. तुमी चूप बसा."

रुपराव चूप बसले. समोर अंगणात गोणपाटावर यमुताईंची चिंच वाळत पडली होती. तिकडे त्यांना बघवेना.

रुपराव नागपूरच्या सरकारी छापखान्यात बायंडर. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. त्याआधीच जवळपासच्या एखाद्या गावी बिऱ्हाड हलवायचं आणि ही दोन वर्षं रेल्वेचा पास काढून जाऊन-येऊन नोकरी करायची, असा बेत ठरला होता. बेत वच्छलाबाईंचा आणि त्याला कारणही तसंच. नागपुरात महाल भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या खाली मिरची कांडायची गिरणी होती. सकाळी पट्टा फिरू लागला की लाल भुकटी जिन्यानं वर चढायची आणि वच्छलाबाईंच्या छातीत जाऊन बसायची. धंतोलीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, "बाई, गोळ्यांनी काय होते? हवा बदला."

हवा बदलायची तर पाणीही पारखायला हवं. नव्या गावी राहायला जाण्याआधी तिथल्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून पाहायची, ही वच्छलाबाईंच्या आईची शिकवण. डाळ शिजली तर पाणी अंगी लागतं, नाहीतर पोटाची दुखणी मागे लागतात. म्हणून रुमालात मूठभर डाळीची पुरचुंडी बांधून नवराबायको दर रविवारी निघायचे आणि कुणा ओळखीच्याच्या घरी चूल मागायचे. कामठीचं घर पाहतापाहता दुसऱ्यानंच धरलं. उमरेडला डाळ दुपारपर्यंत रटरटली, पण दाणा काही फुटला नाही. आता काटोल. वच्छलाबाईंची मावसबहीण यमुताई इथलीच. तिच्या भिंतीला लागून दोन खोल्या, पुढे पडवी, मागे सामाईक विहीर आणि पलीकडे संत्र्याची बाग. नाव ठेवायला जागा नव्हती.

आणि नेमकं तेच रुपरावांच्या जिवावर आलं होतं. काटोलला परतायची शेवटची पॅसेंजर नागपूरहून दिवेलागणीला सुटायची. आणि गुरुवारी दिवेलागणीला, गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात, गिरिधरबुवा कीर्तनाला उभे राहायचे.

बुवांच्या मागे पेटीवर रुपराव. वीस-बावीस वर्षांची ही जोडी. बुवा आता सत्तरी ओलांडलेले. अभंगाच्या चरणात मध्येच त्यांचा दम तुटायचा. पण तो तुटला हे ऐकणाऱ्यांना कळायच्या आत रुपरावांची पेटी सूर उचलून घ्यायची आणि बुवा सावरले की अलगद परत द्यायची. लोकांना वाटायचं, बुवांनी जागा मुद्दाम सोडली, माना डोलायच्या. आपण गेलो तर बुवांचं कीर्तन उघडं पडेल, असं रुपराव स्वतःला बजावत. ते खोटं नव्हतं. पण पूर्वरंग संपला की मध्यंतरात बुवांच्या गळ्यात हार पडायचा आणि त्यानंतर दुसरा, लहानसा हार पेटीवाल्याच्या गळ्यात. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा बुक्का लावून हार घालतात, तेव्हा त्याचीही गोडी लागते. देवासाठी म्हणावं, तर त्यात तो लहानसा हारही होता.

म्हणून मघाशी, दोघी बहिणी संत्र्याची झाडं बघायला मागे गेल्या तेव्हा, रुपरावांनी गोणपाटावरची चिंच उचलली, चिंचोके काढून टाकले आणि गोळा भांड्यात सोडला. आंबट पडलं की डाळ शिजत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्याच क्षणी हात भाजावा तसा त्यांनी मागे घेतला. पण चिंच बुडाशी गेली होती.

"मंग डाळच जुनी असन तुही," यमुताई म्हणाल्या. "पान्याले काहून नाव ठेवतं?"

वच्छलाबाईंनी पळीत थोडं पाणी घेतलं, फुंकर घातली आणि जिभेवर टेकवलं. क्षणभर त्या तशाच थांबल्या. मग पळी उजेडात धरून पाहिली. पळीच्या काठाला चिंचेची एक बारीकशी शीर चिकटली होती. ती त्यांनी बोटानं काढली आणि पदराला पुसून टाकली. रुपरावांकडे पाहिलं नाही.

"हो वं यमुताई," त्या म्हणाल्या. "डाळच जुनी हाय. डब्याच्या बुडाची आनली मी."

"पाहा! अन् तू इकडं इहिरीले दोष देऊन राहिली!" यमुताईंना हसू आवरेना. "एवढा संसार केला अन् डाळ नाई पारखता आली तुले? भाऊजी, तुमाले घरी जेवाले तरी काय भेटते गा?"

रुपराव हसल्यासारखं करून मान खाली घालून बसले. ती डाळ परवाच इतवारीतून आणलेली, नवी. काल त्याच डब्यातल्या डाळीचं वरण त्यांनी दोनदा मागून घेतलं होतं.

जेवायला यमुताईंनी आपल्या घरचं वरण वाढलं, त्याच विहिरीच्या पाण्यातलं, अगदी लोण्यासारखं. वच्छलाबाईंनी मात्र आपल्या भातावर ती अर्धकच्ची आंबट डाळच ओतून घेतली.

"अवं, फेक ना ते!"

"अन्न हाय यमुताई. फेकाले काय झालं?"

दाणा दाणा चावत त्या जेवल्या. तो कडकड आवाज रुपरावांना ऐकू येत होता. ते आपला मऊ वरणभात नुसताच कालवत राहिले.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्या बाहेरची शेतं बघत होत्या. बऱ्याच वेळानं रुपराव म्हणाले, "मंग? काय करायचं काटोलचं?"

"तुमी म्हनसान ते."

"तसं नाई. तुह्या मनात काय हाय?"

"माह्या मनात?" त्या किंचित हसल्या. "माह्या मनात असून काय होते? बुवा एकटे पडतीन."

नागपूर आलं. स्टेशनवरून चालत दोघं आपल्या गल्लीत शिरले आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर वच्छलाबाईंना जी ढास लागली, ती कठड्याला धरून बसेपर्यंत थांबली नाही. त्यांची पाठ चोळता चोळता रुपरावांच्या ध्यानात आलं, की काटोलला दिवसभरात ही एकदाही खोकली नव्हती.

गुरुवारी बुवा नेहमीसारखे उभे राहिले. उत्तररंगाला त्यांनी, राजवाड्यातली पंचपक्वान्नं सोडून देव गरीब भक्ताच्या घरी कण्या खायला जातो, ती कथा लावली होती.

"देवाले कळत नव्हतं का, की ह्या कण्या हायेत?" बुवा म्हणाले. "कळत होतं! पन वाढनाऱ्याचं तोंड पडू नये म्हनून देव गोड मानून खाते. वर म्हनते, आन आखीन थोड्या!"

लोक हसले. बुवांनी अभंग उचलला आणि दुसऱ्याच चरणात त्यांचा दम तुटला.

पेटी उठली नाही.

रुपरावांची बोटं पट्ट्यांवर होती, भाता हातात होता. पण डोळ्यांपुढे काटोलचं ताट आणि कानात दाणे चावल्याचा आवाज. देऊळ एकदम शांत झालं. त्या शांततेत बायकांच्या बाजूनं कुणीतरी तोंडावर पदर दाबून खोकलं. कोण, ते बघायची रुपरावांना गरज नव्हती. बुवांनी मागे वळून पाहिलं, मग फाटक्या आवाजात स्वतःच चरण पुरा केला. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा तो आवाज लोकांनी उघडा ऐकला.

आरतीनंतर बुवा उपरण्याची घडी घालत जवळ आले. "आज पेटी कुठं गेली होती गा, रुपराव?"

"बुवा, आमी काटोलले जाऊन राहिलो. पाडव्याले." शब्द तोंडातून गेल्यावरच रुपरावांना कळलं की आपलं ठरलं आहे. "गुरवारी आता जमनार नाई. अन् बुवा, मी लय वंगाळ काम..."

बुवांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांना काय समजलं, तो विठ्ठलच जाणे.

"माह्या दमाचं तुमाले ठाऊक होतं अन् देवाले," ते म्हणाले. "आज लोकायलेही समजलं. बरं झालं, सवय पडन." मग आपल्या गळ्यातला मोठा हार काढून त्यांनी रुपरावांच्या हातात ठेवला. "हा तिले द्या. अन् तिचा दम जपा."

पाडव्याला बिऱ्हाड काटोलला आलं. रुपराव पहाटेच्या गाडीनं जात आणि दिवेलागणीच्या गाडीनं परतत. छापखान्यातला एक सोबती मंदिराच्या गल्लीतला होता. तिसऱ्या आठवड्यात तो सहज बोलून गेला, "बुवांनी काल पूर्वरंगावरच आरती केली गा. उत्तररंग काही झाला नाई. पेटीबगर लोकच टिकत नाई म्हनते."

पुढच्या गुरुवारी रुपराव घरी पोचले तेव्हा वच्छलाबाई चुलीशी बसल्या होत्या. पातेल्यात डाळ उकळत होती. मागच्या बागेतून संत्र्याच्या पानांचा वास येत होता. हातपाय धुऊन रुपराव भिंतीला टेकून बसले. या वेळेला तिकडे बुवा उत्तररंगाला उभे राहिले असतील. की नसतीलही.

वच्छलाबाईंनी पळीवर दाणा घेतला आणि चिमटीत दाबला. त्याचं पीठ झालं. मग शेजारची वाटी उचलून त्यांनी, मान न वळवता, रुपरावांपुढे धरली. वाटीत भिजवून कोळलेली चिंच होती.

"घ्या, टाका आता," त्या म्हणाल्या. "चिंच शिजल्यावर टाकत असते."

रुपरावांनी वाटी घेतली. पुढे सरकून कोळ पातेल्यात ओतला. वच्छलाबाईंनी डाळ हलवली, मीठ टाकलं, झाकण ठेवलं आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं. धूर झाला, पण त्या खोकल्या नाहीत.

रिकामी वाटी हातात घेऊन रुपराव तिथेच बसून राहिले. त्यांची बोटं वाटीच्या काठावर एकामागून एक दबत होती. आवाज कशाचाच येत नव्हता.