जुना नंबर

अण्णा, म्हणजे माझे वडील, घराबाहेर पडले की परतीची वाट विसरतात. म्हणून आमचे गेट सदैव बंद असते. ते उघडायला आणि लावायला बायकोला रोज दोनदा स्कूटरवरून उतरावे लागे. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. साध्या कडी-कुलपावर समाधान मानणे माझ्या शिक्षणाला शोभले नसते.

तीन रविवार खपून मी यंत्र केले. खांबावरच्या डब्यात एक जुना मोबाइल; त्यावर रिंग आली की भंगारातून आणलेली वायपरची मोटर सरकते गेट उघडायची आणि अर्ध्या मिनिटाने लावायची. नंबर फक्त आपल्या दोघांना ठाऊक, असे मी बायकोला बजावले. तिने कुलूप फडताळात जपून ठेवले.

सिमकार्डासाठी मी लांब गेलो नाही. दोन महिन्यांपूर्वी वापरायचा सोडलेला माझाच जुना नंबर खणात पडून होता. बारा वर्षे तो मी प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर लिहून देत आलो होतो, हे मला निकालाच्या दिवशी आठवले. तेही शेजारच्या वहिनींमुळे. पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे त्या खिडकीतूनच बघत होत्या. तुमचे गेट तासाभरात वीसेक वेळा उघडले, असे त्यांनी फोनवर सांगितले. एकही नापास विद्यार्थी मला विसरला नव्हता.

दुपारच्या त्या वेळी अण्णांना सांभाळणाऱ्या बाई जेवायला जात आणि ते घरी एकटे असत. वाटेतल्या प्रत्येक पांढऱ्या सदऱ्यात मी अण्णांना शोधत घर गाठले.

ते गेटपाशीच होते, आतल्या बाजूला. दोन्ही हातांनी त्यांनी गेट ओढून धरले होते. डब्यात रिंग वाजत होती, मोटर कण्हत होती. अण्णांपुढे तिचे काही चालत नव्हते.

"अण्णा, सोडा आता."

"सोडू कसं? घरात विसराळू माणूस आहे. बाहेर गेला तर सापडायचा नाही."

विचारायचा धीर होत नव्हता. तरी विचारले, "कोण?"

"मुलगा आमचा. हुशार आहे हो, पण लक्ष नसतं." त्यांनी मानेनेच डबा दाखवला. "फोन बघा कुठे विसरून गेलाय."

मी फोन बंद केला. अण्णांनी मात्र हात काढला नाही. म्हणून बायको येऊन फडताळातले कुलूप आणेपर्यंत मीही त्यांच्या शेजारी गेट धरून उभा राहिलो.