थॉर्नबीचा एक दिवस

मुलांनो, जरा असं समजा की तुमच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर, एक लढाऊ जहाज उभं आहे. फार मोठं नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत हात लांब केला, तर तेवढंच. त्याच्या तोफा आगकाडीपेक्षा बारीक आहेत आणि डेकवरचे कठडे केसासारख्या तारेचे. रंग अजून लागलेला नाही, म्हणून ते पांढरंफटक दिसतं. आता असंही समजा की ज्यानं ते बनवायला घेतलं तो माणूस घरात नाही, आणि पुढे काय करायचं ते तुम्हालाच सांगायचं आहे. समजलंत? मग हात टेबलापासून थोडे दूर ठेवा, ते कठडे लगेच वाकतात. आणि नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या नूपुरचं काय झालं ते ऐका.

नूपुर सहावीत होती. तिचे पप्पा, प्रशिक, कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते. सकाळी मोटरसायकलनं जायचे, दिवेलागणीला यायचे आणि जेवण झालं की त्या टेबलाशी बसायचे. शेजारच्या रंभाबाई विचारायच्या, "इथं ना समुद्र, ना बंदर. नागपूरच्या माणसाले जहाज काहून लागते?" पप्पा हसायचे. "समुद्र असता तर खरंच जाऊन नसतं का पाहिलं, मावशी? नाही म्हणून तर बनवून राहिलो."

जहाजाचं नाव थॉर्नबी. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची हलकी क्रूझर. हलकी म्हणजे खेळण्यासारखी नव्हे बरं. तिच्यावर सातशे माणसं राहत. पण ज्या अजस्र युद्धनौका असत त्यांच्यापुढे ती हलकी, आणि म्हणून चपळ. दूरदूर जायचं, मालवाहू जहाजांच्या ताफ्याभोवती राखण करायची, शत्रू दिसला की आधी आपण पुढे व्हायचं, हे तिचं काम. पप्पा एकदा नूपुरला सक्करदऱ्याच्या तलावावर घेऊन गेले होते आणि म्हणाले होते, "थॉर्नबी या तलावात आणून सोडली ना, तर बिचारीले वळताही येणार नाही."

बाजारात या जहाजाचा तयार संच मिळत नसे. इंटरनेटवरचे जुने फोटो पाहून पप्पा प्लास्टिकच्या पत्र्यातून एकेक भाग कापत, पॉलिशपेपरनं घासत आणि चिमट्यानं चिकटवत. त्यांचा मित्र अमोलही असलीच जहाजं करायचा. या लोकांचा एक नियम असतो. जहाज बनवायचं म्हणजे त्याचा एक दिवस बनवायचा.

हे जरा नीट समजून घ्या. तुमचा पहिलीतला फोटो आहे, त्यात पुढचे दोन दात नाहीत. त्या फोटोत कोणी सहावीतले दात चिकटवले आणि आठवीतला चष्मा काढला, तर ते तुम्ही राहाल का? जहाजाचंही तसंच. युद्धाच्या काळात त्याचा रंग बदलतो, तोफा बदलतात, डोलकाठीवर रडार चढतं. म्हणून आधी दिवस ठरवायचा. त्या दिवशी जे होतं तेवढंच लावायचं. नंतर काय होणार आहे, ते बनवणाऱ्याला माहीत असलं तरी त्याच्या हातांना माहीत नसावं.

तर पप्पा रोज रात्री घासता घासता नूपुरला थॉर्नबीचे दिवस सांगायचे. नॉर्वेजवळ बर्फ इतकं पडलं की खलाशी फावड्यानं डेक साफ करत होते, तो दिवस. माल्टाकडे जाणारा ताफा राखताना अंगावर निळे-करडे पट्टे ओढले होते, तो दिवस. मग टॉर्पेडो लागला, तो दिवस. पुढचं टोक पार तुटून समुद्रात गेलं, आणि त्याच्यासोबत तिथली माणसंही. पण जहाज बुडालं नाही. आतली एक लोखंडी भिंत तेवढी मधे राहिली. पुढे चाललं असतं तर पाण्याच्या माऱ्यानं ती भिंतही फुटली असती. म्हणून कप्तानानं इंजिनं उलटी फिरवली आणि थॉर्नबी हळूहळू, मागच्या मागे चालत, बंदरात आलं. नंतर गोदीत नवं टोक बसलं, रडार बसलं. ते हिंदी महासागरात आलं, मुंबईत काही दिवस थांबलं, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर त्यानं तोफा डागल्या. युद्ध संपलं.

"मंग?" नूपुरनं विचारलं होतं.

"मंग तोडलं. लोखंड वितळवून टाकलं." पप्पांनी टोकावर फुंकर मारून भुकटी उडवली. "म्हणून तर दिवस नीट निवडा लागते. कोणता करू, ते तू सांग."

नूपुरला ठरवता येईना. आज बर्फाचा वाटे, उद्या पट्ट्यांचा. पप्पांनी घाई केली नाही. रंग सोडून बाकी सगळं ते करत राहिले. जहाजाचं पुढचं टोक तर त्यांनी इतकं घासलं की त्यावरून बोट फिरवलं तर ते कुठे संपलं ते कळत नसे. मग एका सकाळी, हेल्मेट हातात घेऊन, दारातून त्यांनी विचारलं, "ठरलं का वं?" नूपुर बुटाची लेस बांधत होती. "संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

त्या दिवशी कळमेश्वरच्या रस्त्यावर एका ट्रकनं त्यांच्या गाडीला धडक दिली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

नूपुर रडली नाही. बायका तिला कुशीत घेऊन म्हणत होत्या, रड वं बाई, मोकळी हो. तिला वाटे, यांना कसं सांगावं. अंत्यसंस्काराच्या दिवशी मांडी घालून बसल्यानं तिचा पाय बधिर झाला होता. मुंग्या येण्याच्या आधी पाय आपला नसल्यासारखा होतो ना, तसा. नंतर पायाला मुंग्या आल्या आणि तो ठीक झाला. बाकीची नूपुर मात्र तशीच राहिली. ती शाळेत जाई, डबा खाई, गणितं बरोबर सोडवी. कोणी विनोद केला की हसायची वेळ ओळखून हसे. टेबलावर आईनं, नंदिनीनं, एक स्वच्छ ओढणी टाकून ठेवली होती. नूपुर त्या खोलीत अभ्यासाला बसत नसे.

वर्ष व्हायला आलं. पहिल्या स्मृतिदिनाला भन्तेजींना बोलवायचं, वंदना घ्यायची, जलदान करायचं, असं आजोबांनी ठरवलं. आजोबांचं नाव लहानू, घरात त्यांना आबाजी म्हणत. त्यांची आणखी एक इच्छा होती. प्रशिकच्या फोटोजवळ ते जहाज पूर्ण करून ठेवायचं. त्यांनी अमोलला बोलावलं.

अमोलकाका एका रविवारी आला. त्यानं टेबलावरची ओढणी काढली. मग त्यानं विचारलं की दिवस कोणता ठरला होता. आईला माहीत नव्हतं. आबाजी म्हणाले, दिवसाचं काय घेऊन बसलास, जे जे चांगलं आहे ते सगळंच लाव. ते निळे पट्टेही ओढ, ते रडारही बसव, झेंडे लाव. पोराचं शेवटचं काम आहे.

"आबाजी, असं जहाज कधी पाण्यावर नव्हतंच," अमोलकाका हळूच म्हणाला. "प्रशिकनं मले शिव्या घातल्या असत्या."

"मंग तूच ठरव गा."

अमोलकाकानं टॅबवर फोटो उघडले. शेवटचा दिवस करू म्हणाला, सगळी दुरुस्ती झालेला, अंगावर एक ओरखडा नसलेला. रंगही सोपा, एकच करडा. नूपुर दाराला टेकून उभी होती. आपल्याला कोणी विचारू नये असं तिला वाटत होतं, आणि कोणी विचारतही नव्हतं. शेवटचा दिवस म्हणजे तोडण्याच्या आधीचा. तिच्या डोळ्यांसमोर ते करडं, गुळगुळीत जहाज फोटोजवळ उभं राहिलं आणि तिला काहीच वाटलं नाही. काकाचं बोट काचेवरून सरकत होतं. बर्फ गेलं, पट्टे गेले. मग एक फोटो आला आणि तो काकानं पटकन पुढे ढकलला.

"मागे घे," नूपुर म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. काकानं फोटो मागे घेतला. पुढचं टोक नसलेलं थॉर्नबी. जिथे नाक असायला हवं तिथे वाकलेले पत्रे आणि काळोख. डेकवर माणसं उभी, कोणी काहीच करत नसलेली. आणि मागच्या तोफेपाशी एका दोरीवर कपडे वाळत घातलेले. पप्पांनी तो फोटो तिला मोठा करून दाखवला होता. म्हणाले होते, बघ, अर्धं तोंड गेलं आन् हा भाऊ बनियान वाळवून राहिला.

नूपुरला आठवलं, पप्पांना अखेरचं पोहोचवून सगळे घरी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी न्हाणीघरात बादली तशीच होती. पप्पांचे कारखान्याचे दोन शर्ट भिजत घातलेले. आईनं ते पिळले, झटकले, गच्चीवर नेऊन दोरीवर टाकले आणि कॉलरला चिमटे लावले. मग तिथेच उभी राहिली. नूपुर जिन्यातून पाहत होती. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

"हा दिवस," नूपुर म्हणाली.

"अवं, हा तर मोडल्याचा दिवस आहे, बेटा. असं कोणी बनवत नाही," काका म्हणाला.

"मोडलं ते आधी. इथं ते परत येऊन राहिलं."

आई म्हणाली, फोटोजवळ तुटकं जहाज ठेवायचं? लोक काय म्हणतील? अमोलकाकाला दुसरीच काळजी होती. त्यानं जहाजाच्या टोकावरून बोट फिरवलं. हे टोक प्रशिकनं घासलं होतं. असा दिवस करायचा म्हणजे ते कापावं लागणार. तो म्हणाला, माझ्या हातानं व्हायचं नाही.

आबाजी इतका वेळ खुर्चीच्या हातावर नख घासत बसले होते. "प्रशिकनं दिवसाचं कोणाले विचारलं होतं?" ते म्हणाले.

"मले," नूपुर म्हणाली. "मी संध्याकाळी सांगते म्हणलं होतं."

आबाजींनी टेबलाचा खण उघडला, पप्पांची बारीक दातांची करवत काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

काकानं पेन्सिलीनं रेघ मारून दिली आणि जहाज दोन्ही हातांनी घट्ट धरलं. नूपुरनं करवत रेघेवर टेकवली. पहिल्यांदा ती घसरली. मग दात धरले. करवतीची थरथर तिच्या बोटांतून मनगटात आली आणि तिथून कोपरापर्यंत गेली, आणि तिला ती कळत होती. टोक सुटलं तेव्हा आवाज असा झालाच नाही. आईनं ते उचललं, ओढणीच्या टोकात बांधलं आणि आत घेऊन गेली.

स्मृतिदिनापर्यंत दर रविवारी काका येत राहिला. त्यानं पत्रे वाकवायला शिकवलं, धुराचा डाग ब्रश कोरडा ठेवून कसा उठवायचा ते शिकवलं. बनियान नूपुरनं एकटीनं केलं. चहाच्या पुडीचा पातळ कागद, त्याला नखाएवढी कात्री, आणि तारेवर गोंदाचा थेंब. पहिली तीन बिघडली. चौथं लटकलं.

स्मृतिदिनाच्या सकाळी बाहेरची खोली रिकामी करून सतरंज्या घातल्या. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या, खाली पप्पांचा फोटो, आणि फोटोपुढे पाटावर थॉर्नबी. नूपुरनं ते स्वतः ठेवलं होतं. मागचा भाग फोटोकडे, तुटका भाग दाराकडे. ते मागच्या मागेच तर येत होतं, दारातून आत. पांढरे कपडे घातलेली माणसं जमली. भन्तेजी आले. त्रिशरण, पंचशील झालं.

मग जलदान. हे तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल. घरची माणसं मिळून एक तांब्या धरतात आणि खालच्या भांड्यात पाण्याची धार सोडतात. भन्तेजी गाथा म्हणतात. भांडं भरून पाणी ताटात सांडेपर्यंत धार तुटू द्यायची नसते. केलेल्या चांगल्या कामाचं पुण्य गेलेल्या माणसाला असं द्यायचं. आबाजींनी तांब्या धरला होता, आईचा हात त्यांच्या हाताला आणि नूपुरचा आईच्या कोपराला.

नूपुरनं मान वर केली तेव्हा तिला दिसलं की जहाज फिरलेलं आहे. रंभाबाईंनी केव्हातरी पाट उचलून नीट केला होता. तुटकी बाजू लोकांकडे नको, म्हणून त्यांनी ती भिंतीकडे केली होती, चांगल्या मनानंच. आता थॉर्नबीची धडधाकट मागची बाजू दाराकडे होती, जणू तसंच मागच्या मागे घरातून निघून चाललं आहे.

ती हलली नाही. धार तुटू द्यायची नव्हती. भांडं भरलं, पाणी काठावरून ताटात उतरलं, गाथा संपली. सगळ्यांनी साधु, साधु, साधु म्हटलं. माणसं उठायला लागली, आतून वरणाचा वास आला, कोणीतरी पत्रावळी वाटायला घेतल्या.

नूपुर पाटाशी गेली. कठड्यांना बोट न लावता तिनं पाट दोन्ही हातांनी उचलला आणि पूर्ण फिरवून ठेवला.

"काहून वं, परत उलटं?" रंभाबाई म्हणाल्या.

"ते असंच आलं होतं, मावशी," नूपुर म्हणाली. दोरीवरचं बनियान हलून वाकडं झालं होतं. तिनं खाली वाकून त्यावर अगदी हलकी फुंकर मारली, ते सरळ झालं तसं ती उठली आणि आईच्या शेजारी पंगतीत जाऊन बसली. वाढणाऱ्यानं विचारायच्या आधीच तिनं पत्रावळ पुढे ओढली.