दुसरा पंप

भोंग्याने वरच्या खिशातलं लाल कार्ड काढलं आणि मोठ्या साहेबांच्या चहाच्या कपावर झाकण ठेवावं तसं अलगद ठेवून दिलं.

नियंत्रण कक्षातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. लांबलचक दुरुस्तीनंतर अणुभट्टी पुन्हा चालू व्हायची होती, त्यासाठी साहेब मुद्दाम खाली आले होते, फोटोवाल्याने कोपरा धरला होता. आणि शिफ्टचा मुख्य ऑपरेटर असलेला भोंगा म्हणत होता, थांबा.

कार्डं वाटली होती ती साहेबांनीच. वीजकेंद्र म्हातारं झालं होतं. इतकं म्हातारं, की विज्ञान संग्रहालयाची माणसं अधूनमधून येऊन गुपचूप मापं घेऊन जात, आणि ज्या कारखान्याने इथले पंप बनवले, तिथे आता पोरांची खेळणी बनत. केंद्राला आणखी काही वर्षं चालू राहायची परवानगी हवी तर सुरक्षा सुधारली म्हणून दाखवणं भाग होतं. म्हणून शिपायापासून शास्त्रज्ञापर्यंत प्रत्येकाच्या खिशात एक लाल कार्ड आलं. काही खटकलं तर दाखवा, काम थांबेल, कारण कोणी विचारणार नाही. तोवर ते एकदाच बाहेर निघालं होतं. कँटीनच्या आचाऱ्याने भाजी करपताना काढलं होतं, आणि ती भाजी तरीही सगळ्यांना वाढली गेली होती.

"काय खटकलं?" कारण विचारायचं नसूनही साहेबांनी विचारलं.

"पहिला पंप घरघरतोय."

"थरथरीचा आकडा मर्यादेत आहे ना?"

"आकडा आहे. पंप नाही."

बाहेरची वीज गेली तर भट्टीला थंड पाणी पाजायला दोन पंप होते, जुळ्या भावांसारखे, एकाच साच्यातले. एरवी दोघंही झोपा काढत. महिन्यातून एकदा त्यांना उठवून थोडा वेळ चालवायचं, थरथर मोजायची, पुन्हा निजवायचं. भोंग्याने अर्धं आयुष्य त्यांच्या उशाशी काढलं होतं. शेजाऱ्याचा खोकला जसा भिंतीपलीकडून ओळखू येतो, तसा त्याला पंपाचा आवाज कळायचा. खरं तर ऐकणं हे त्याचं काम होतं, पण प्रसिद्धी आणि 'भोंगा' हे नाव मिळालं ते गळ्यामुळे. एका सरावात केंद्राचा भोंगा बिघडला तेव्हा हा गच्चीवर चढून ओरडला आणि पायथ्याचं निम्मं गाव रिकामं झालं. उरलेलं निम्मं आधीपासूनच बहिरं होतं, असं म्हणतात.

पंप उघडला. आतलं बेअरिंग अंड्याच्या टरफलासारखं तडकलेलं निघालं. वेळ आली असती तर पंपाने पाणी पाजायच्या आधीच मान टाकली असती.

साहेब चिडले नाहीत. तिथेच खरं म्हणजे भोंग्याने सावध व्हायला हवं होतं. साहेबांनी त्याला सभागृहात बोलावून पुष्पगुच्छ दिला, कालपर्यंत 'भोंग्या' म्हणत होते ते 'भोंगासाहेब' म्हणाले, आणि त्याचं लाल कार्ड चौकटीत बसवून दर्शनी दालनात टांगलं, वर छोटा दिवाही लावला. मग त्याला बढती दिली. सुरक्षा संस्कृती विभागाचा प्रमुख. विभागात माणूस तो एकटाच. खोली गेटपाशी, खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसायचा, टेबलावर प्लॅस्टिकचं रोप, त्यालाही कोणीतरी पाणी घालून ठेवलेलं. नियंत्रण कक्षाचा पास त्याच दिवशी परत घेतला गेला, कारण ज्याचं तिथे काम नाही त्याने तिथे जाणं सुरक्षेला धरून नव्हतं.

त्याची खुर्ची मेहुण्याला मिळाली. बायकोचा धाकटा भाऊ, यानेच हाताखाली घेऊन घडवलेला. त्यामुळे तक्रार तरी कोणापुढे करणार?

बायकोला आधी आनंद झाला. तिने शेजारी चहाला बोलावले. पुढे तिच्या लक्षात आलं, की नवरा रोज वेळेवर घरी येतो, हात स्वच्छ असतात, आणि फ्रिज सुरू झाला की बोलता बोलता थांबून त्याच्याकडे कान देतो.

काम म्हणजे व्याख्यानं. प्रत्येक शिफ्टला तो आपली गोष्ट सांगायचा आणि मग परत म्हणण्याचा धडा घ्यायचा. ही केंद्राची जुनी शिस्त. एकाने सूचना द्यायची, दुसऱ्याने ती शब्दन् शब्द परत म्हणायची, पहिल्याने 'बरोबर' म्हणायचं, आणि मगच हात हलवायचा. ऐकण्यातली चूक तिथल्या तिथे पकडली जाते. भोंग्याच्या घरात मीठसुद्धा याच रीतीने मागितलं जाई. बायको म्हणायची, लग्नात मला असं परत म्हणायला लावलं असतं, तर चूक मी तेव्हाच पकडली असती.

सभागृहात मात्र हलवायला काही नव्हतं. भोंगा म्हणे, "पहिला पंप उघडा." सगळे एका सुरात म्हणत, "पहिला पंप उघडा." तो म्हणे, "बरोबर." मग चहा.

एका सुट्टीच्या दुपारी मेहुणा जेवायला आला. ताटावर बसला, पण हात आमटीत नुसता फिरवत राहिला. बहिणीने दोनदा विचारलं, तर पोट बरं नाही म्हणाला. ती पाणी आणायला आत गेली, तसा तो खालच्या आवाजात बोलला.

"भावजी, दुसऱ्याचाही आवाज तसाच येतोय."

भोंग्याचा घास हातातच राहिला. "कधीपासून?"

"मागच्या चाचणीपासून. त्याच्या आधीपासूनही असेल. आकडा मर्यादेत आहे."

"मग कार्ड काढ."

मेहुणा हसला, पण ते हसू ताटाबाहेर गेलं नाही. "आणि तुमच्या शेजारी टेबल टाकू? तुम्हाला तरी एक खोली मिळाली. मला सायकली मोजायला बसवतील."

"पंप गेला तर काय होईल माहितीये ना तुला?"

"तुम्हीच शिकवलंय." त्याने आमटीतला हात बाहेर काढला. "मला ती खुर्ची आवडते हो भावजी. दुसरं काहीच येत नाही मला."

भोंग्याला त्याच्यावर ओरडता आलं असतं. पण हे आपलंच वाक्य मेहुण्याने चोरलंय, असं त्याला वाटलं. बायको पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा दोघेही मन लावून जेवत होते.

दुसऱ्या दिवशी भोंगा साहेबांकडे गेला. मेहुण्याचं नाव न घेता म्हणाला, की पंप जुळे आहेत, एकाचं बेअरिंग तडकलं तर दुसऱ्याचंही बघायला हवं. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही. मग समजावून सांगितलं, की दुसरा पंप उघडायचा तर भट्टी बंद करावी लागेल, आणि परवानगी देणारे तपासनीस येत्या आठवड्यात येतायत. बंद पडलेलं केंद्र त्यांना कसं दाखवायचं? शिवाय यंत्रापाशी कामाला असलेल्या एकानेही कार्ड काढलेलं नाही. तिथल्या माणसांवर आपण विश्वास ठेवायचा की नाही?

"मग माझं कार्ड द्या," भोंगा म्हणाला.

"अहो, ते भिंतीवर आहे. आणि ते दाखवायचं तर काम तुमच्या हातात असावं लागतं." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण ही जुळ्या भावांची कल्पना फार छान आहे. व्याख्यानात घाला."

तपासनीस बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, वयस्क, बघावं तिथे वाकून बघणाऱ्या. त्यांनी पाइपांवरून बोट फिरवलं, दारं उघडून मिटून पाहिली, वर्षभरात किती जणांनी कार्ड काढलं तेही विचारलं. भोंग्यानंतर एकानेही नाही, असं साहेबांनी अभिमानाने सांगितलं. बाईंनी मान हलवली. ती कौतुकाने हलली की काळजीने, हे कोणालाच कळलं नाही. शेवटी त्यांना सभागृहात आणलं, केंद्राची सुरक्षा संस्कृती प्रत्यक्ष बघायला.

सभागृह गच्च भरलं होतं. मेहुणा तिसऱ्या रांगेत बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. भोंग्याने गोष्ट सुरू केली. करपलेल्या भाजीपाशी सगळे नेहमीप्रमाणे हसले, बाईंच्याही ओठांचा कोपरा हलला. तडकलेल्या बेअरिंगपाशी सगळे नेहमीप्रमाणे गप्प झाले. मग त्याने हातातला कागद खिशात घातला, व्यासपीठाच्या कडेला आला आणि सरळ बाईंकडे बघून बोलला.

"ही गोष्ट नाही. आज, आत्ताचं खरं सांगतोय. दुसरा पंप घरघरतोय. दुसरा पंप उघडा."

बाईंनी पेन उचललं.

आणि सगळं सभागृह एका सुरात, शब्दन् शब्द म्हणालं, "दुसरा पंप उघडा."

इतकं स्वच्छ, इतकं एकदम, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाईंनी मागे वळून त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं, आणि सबंध दौऱ्यात पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या. हा धडा आहे तर. त्यांनी पेन खाली ठेवलं.

सभागृह थांबलं होतं, पुढचा शब्द त्याने म्हणायचा होता. तो म्हणाला नाही. एवढ्या गर्दीत एकच तोंड मिटलेलं होतं, तिसऱ्या रांगेतलं, आणि भोंगा त्याच्याकडे बघत होता. मेहुण्याने एकदा ओठ उघडले. शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं, विसरलास काय रे म्हणून, आणि ते पुन्हा मिटले.

मग पहिल्या रांगेतून मोठे साहेब उठले, बाईंकडे वळून हसले आणि म्हणाले,

"बरोबर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चहा आला, खुर्च्या सरकल्या, टाळ्या विरत गेल्या. मेहुणा तेवढा वाजवत राहिला, मान खाली घालून, एकसारखा. थांबलं की काहीतरी बोलावं लागेल, असं वाटत असल्यासारखा.