बिनगाठीची मुळी

झुंबरबाईनं हरभऱ्याचं झाड मातीच्या ढेकळासकट खुरप्यानं उचललं, मुळी तांब्यातल्या पाण्यात हलवली आणि नवऱ्यापुढं धरली.

"पाह्या. काय दिसून राह्यलं?"

"मुळी."

"आन गाठी?"

कडूबानं मुळी बोटांतून ओढली. पांढरी, गुळगुळीत, धुतलेल्या सुतासारखी. हरभऱ्याच्या मुळीवर बारीक गाठी धरतात, त्यांत जिवाणू राहतात आणि झाडाला नत्र पुरवतात. त्या धराव्यात म्हणूनच पेरणीआधी झुंबरबाईनं गुळाच्या पाण्यात जिवाणूंचं पाकीट कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळलं होतं. ऊन लागलं तर जिवाणू मरतात, म्हणून सावली सरकेल तसं बियाण्याचं पोतं सरकवत ती दिवसभर बसली होती.

"मी सावली धरली," ती म्हणाली, "आन तुम्ही चांदी ओतली."

रानात बुरशीनं मर लागली होती, झाडं उभ्या उभ्या वाळत होती. जाफराबादच्या दुकानदारानं बाटली काढून दिली. चांदीचे कण, डोळ्याला न दिसण्याइतके बारीक, नॅनो. मुळाशी ओता, बुरशी खल्लास. पाठीवरच्या पंपाला एक टोपण म्हणाला होता. एवढ्याशा पाण्यानं काय होतंय म्हणून कडूबानं दोन घातली. मर थांबली. पारावर बसून त्यानं ते साऱ्या गावाला सांगितलं. मग रान पिवळं पडू लागलं.

काल तो झाडं घेऊन बदनापूरच्या संशोधन केंद्रात गेला होता. तिथल्या आकांक्षा मॅडम म्हणाल्या, "काका, चांदी बुरशीला मारते, तशी मुळाजवळच्या चांगल्या जिवाणूंनाही मारू शकते. तुमच्याकडं तेच झालं, असं तपासल्याशिवाय छातीठोक नाही सांगणार. पण शंका तीच आहे."

"मंग पाणी देऊन धुवून निघंल का?"

"मातीत गेलेले कण परत काढता येत नाहीत, काका."

हे सारं आठवत तो उभा होता, तेवढ्यात बांधापलीकडं पंपाची पत्र्याची टाकी वाजली. थोरल्या भावाची बायको, दैवशाला, पंपात पाणी ओतत होती. बाजूला तसलीच चांदीची बाटली. भाऊ जालन्याला कारखान्यात, रान ती एकटीच बघते. गेल्या साली कडूबानं बांध मोजायला लावला, तेव्हापासून बोलणं तुटलं होतं. ही बाटली त्यानंच तिच्या दारात नेऊन दिली होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्याला चहा दिला होता.

"जा," झुंबरबाई म्हणाली. "जल्दी जा."

कडूबा बांध ओलांडून गेला. "वहिनी, थांबा. ते टाकू नका."

"काहून?"

"गाठी मरतात त्यानं."

"परवा पारावर तर मर गायब, मर गायब करून राह्यले व्हते."

"मर गायबच झाली. गाठीबी गायब झाल्या."

दैवशाला हसली. "बाटली कमी पडली व्हय, भाऊजी? दुसऱ्या पाळीला माझीच पाह्यजे?"

"तसं न्हाई, वहिनी."

"बांध मोजला तव्हाबी माझ्या भल्याचंच सांगत व्हते तुम्ही."

कडूबानं मान खाली घातली. मग म्हणाला, "तुमचं एक झाड उपटू का?"

"उपटा. तेवढंच राह्यलंय."

त्यानं झाड उपटलं, माती झटकली. मुळीवर गाठींचे घोस होते. एक गाठ नखानं फोडली. आत लालसर, ताज्या मांसासारखी. शेजारी त्यानं स्वतःच्या रानातली पांढरी मुळी ठेवली. दैवशाला उकिडवी बसली. दोन्ही मुळ्या तिनं उलटसुलट करून पाहिल्या. हसू गेलं होतं.

"पण भाऊजी, माझी झाडं वाळून राह्यलीत ना. तुमची पिवळी का व्हईना, उभी हायत."

कडूबानं जवळचं एक वाळकं झाड उपटलं.

"वाळकी उपटून रानाबाहेर जाळा," तो म्हणाला. "त्याच्याफुढचं मला म्हाईत न्हाई, वहिनी. बिलकुल म्हाईत न्हाई."

तिनं एकदा पंपातल्या नुसत्या पाण्याकडं पाहिलं. मग बाटलीचं टोपण घट्ट पिळून तिनं ती त्याच्या हातात दिली.

"न्या. पण खोटं निघालं, तर फुढच्या साली बांध मी मोजीन."

कडूबा बाटली घेऊन निघाला. ओढ्याजवळ थांबला, ओढ्याचं पाणी खाली वहिनीच्याच विहिरीला मुरतं. रानाकडेच्या धुऱ्यावर थांबला, धुऱ्याची माती पावसात रानातच उतरते. उकिरड्याशी थांबला; उकिरड्याचं खत वैशाखात रानातच जातं. पाय ओढत तो आला तशी झुंबरबाईनं विचारलं, "ओतली का?"

"न्हाई."

"काहून?"

"जागा न्हाई."

झुंबरबाईनं बाटली त्याच्या हातून घेतली, टोपण पिळून पाहिलं आणि गोठ्याच्या पत्र्याखाली आडव्या वाशावर, हात पुरेल तितक्या आत सरकवून दिली. मग कमरेवर हात देऊन उभी राहिली, दोन खुरपी उचलली आणि एक त्याच्यापुढं केलं.

"चला. जाऊबाईंची वाळकी झाडं एकटीच्यानं उपटून व्हायची न्हाईत."