दोन गाड्यांमधली झोळी

मी एक जुनी झोळी आहे. मित्रांनो, भीक मागायची नव्हे, निजायची. जयगडच्या शरफुन्निसाने मासेमारीच्या जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने मला विणलं आणि परदेशी निघालेल्या लेकाच्या, मुनाफच्या, बॅगेत कोंबलं. तिची जीभ तिखट. तीही माझ्यात उतरली आहे, तेव्हा ऐकून घ्या.

मुनाफ सौदीतल्या रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटवर फिटर. तिथल्या वाळवंटात मला बांधायला झाड म्हणून नाही. शुक्रवारी सुट्टीला बाहेर पडलं की दोन गाड्या लावायच्या आणि मधे मी. एक कंपनीची, दुसरी नायफची जीप. नायफ तिथलाच, नवा भरती झालेला. तो काम शिकला की मुनाफच्या जागी बसणार, असा कागदच निघाला होता. मग मी त्याच्यावर नजर ठेवू नको तर काय करू?

कँपचा स्वयंपाकी जमालुद्दीन कढई घासता घासता मुनाफला म्हणाला, "निम्मं शिकव, निम्मं पोटात ठेव."

"तेच करतोय, चाचा. व्हॉल्व्ह उघडायचा दाखवलाय. आधी वाफ कुठून सोडायची, ते नाही."

"भाजेल ना तो."

"भाजला तर शिकणं थांबेल."

मलाही तेव्हा हे पटलं होतं.

त्या शुक्रवारी वाळवंटात जेवण झाल्यावर मुनाफने नायफकडे जीपची किल्ली मागितली. झोळीत माणूस असताना गाडी हलली तर संपलंच. "सदीक," म्हणजे दोस्ता, "तुला पळवून मी काय करू?" म्हणत नायफने ती दिली. मुनाफ किल्ली मुठीत धरून झोपला.

जरा वेळाने नायफ हळूच आला आणि माझ्या गाठीला हात घातला. मी म्हटलं, आला चोर. पण गाठ जीपच्या हुकातून निसटत होती. मुनाफनेच घाईत मारलेली. नायफने दोर खांद्यावर घेतला आणि मुनाफ जागा होईपर्यंत तसाच उन्हात उभा राहिला.

"उठवलं का नाहीस?"

"उठवलं असतं तर आधी किल्ली पाहिली असतीस. गाठ मला येत नाही. तीही तू दाखवली नाहीस."

मुनाफ उतरला आणि त्याने आधी नायफला गाठ मारून दाखवली. रविवारी प्लँटवर त्याने नायफला आधी वाफ सोडायला शिकवलं, मग व्हॉल्व्ह. जमालुद्दीन दोन दिवस मुनाफशी बोलला नाही.

महिन्याभरात नायफ कामाच्या परीक्षेत पास झाला. मुनाफच्या पासपोर्टवर कायमचं परत जायचा शिक्का पडला. जाताना तो मला नायफकडे ठेवून गेला.

नायफ चांगला आहे, असं मी अजून म्हणणार नाही. मला तो जीपच्या टपावर टाकून ठेवतो. मित्रांनो, नायलॉन उन्हात आतून मरतं, वरून कळत नाही. उठलात की झोळी सोडा, सावलीत ठेवा. गाठ मात्र तो मुनाफपेक्षा बरी मारतो. तरी मी रोज ओढून पाहते. तुम्हीही पाहत जा.