पाठीवरची चकती

मित्रांनो, मी एका जुन्या फोनमधला अँटेना आहे. बोटाएवढ्या जागेत वळवलेली तांब्याची पट्टी, बस्स! पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. तुम्ही बोलत नसलात तरी मी आपला टॉवरला हाका मारतच असतो.

मला दोन आवाज आहेत. एक खर्जातला, तो भिंतींतून, तळघरांतून पार जातो. दुसरा चढा, तो मोकळ्यावर छान चालतो. फोनकडून येणारी शक्ती माझ्याशी नीट जुळली नाही, तर ती दारातूनच माघारी फिरते आणि माझा आवाज घशात अडकतो. ही जुळणी करताना मला घडवणाऱ्या इंजिनिअरबाईंच्या अगदी नाकी नऊ आले. माझ्या तोंडाशी त्या तारेच्या कणीएवढ्या गुंडाळ्या डाग देऊन बसवायच्या. खर्ज जुळला की चढा बिनसायचा, चढ्याची समजूत काढली की खर्ज रुसायचा.

"अगं, टेबलावर उत्तम चालतोय. पाठव आता," साहेब म्हणाले.

"टेबलावर ठेवून कोण बोलतं, सर? माणसं हातात धरतात," असं म्हणून बाईंनी फोन चाचणीसाठी बनवलेल्या एका रबरी हातात दिला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हात जवळ आला की माझी जुळणी बदलते ना! शेवटी दोन्ही आवाज खणखणीत लागले. मी फुशारलो.

पुढे मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे आलो. त्याच्याबरोबर कितीतरी तळघरं पालथी घातली. "आपला फोन कुठेही लागतो," असं तो ऐटीत सांगायचा. मग त्याच्या मेहुण्याला हौस आली. गाडीतल्या लोहचुंबकावर फोन चिकटावा म्हणून त्याने पाठीवर लोखंडी चकती डकवली, नेमकी माझ्यावरच!

"भावोजी, आता फोन पडायचं नाव घेणार नाही."

झालं! धातू इतका जवळ आल्यावर माझी जुळणी पार विस्कटली. चढा आवाज कसाबसा निघायचा, खर्ज मात्र बसला तो बसलाच. नंतरच्या दिवसांत तळघरात उतरणं झालं नाही आणि रस्त्यावर काम भागायचं, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी आत तळमळत राहिलो.

एका सुट्टीच्या दिवशी तो बंद इमारतीतल्या लिफ्टखालच्या खड्ड्यात एकटाच उतरला. शिडी सटकली. पाय मोडला. हत्यारांची पिशवी वरच राहिली. त्याने घरी फोन लावला, परत परत लावला. मी जीव तोडून ओरडत होतो, पण भिंतीपलीकडे काही जात नव्हतं.

"अरे, लाग ना बाबा!" तो कळवळला. मग ठोकायला काहीतरी हवं म्हणून त्याने नखांनी चकती उपटली आणि लोखंडी खांबावर आपटत सुटला. कोणी आलं नाही. हात दमला तेव्हा त्याने पुन्हा एकदा फोन लावला. पाठीवरची चकती गेली होती, माझा खर्ज भिंतींतून पार गेला!

"अहो, आहात कुठे तुम्ही?" बायकोचा आवाज! मित्रांनो, मला तर रडूच यायचं बाकी होतं.

मेहुणा माणसं घेऊन धावत आला. माझ्या मालकाला बाहेर काढलं. दवाखान्यात मेहुणा सगळ्यांना सांगत होता, "चकती होती म्हणून भावोजी वाचले! ठोकायला तीच कामी आली." आणि तिथेच, मोठ्या प्रेमाने, आणखी कडक गोंद लावून त्याने चकती परत माझ्यावर बसवली.

मित्रांनो, फोनच्या पाठीवर असा धातू चिकटवू नका. चिकटवला असेल तर आजच काढा. माझी कीव नाही आली तरी चालेल. पण त्या माणसाचं प्लास्टर काल निघालं. उद्या तो कामावर जाणार आहे, आणि पहिलंच काम खड्ड्यातलं आहे. कोणीतरी सांगा हो त्याला!